शेपटाची जागा

आमचा संसार एका प्रोटॉनवरून मोडला, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मजल्यावरचे लोक अजून सांगतात. नव्याने कामाला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट ऐकवली जाते, आणि मग तो माणूस महिनाभर माझ्याशी जरा जपून बोलतो. मी ती कधी खोडून काढली नाही. लोकांना हसायला काहीतरी लागतं, आणि तसं ते अगदीच खोटंही नव्हतं.

आईला हे समजावताना मात्र माझ्या नाकी नऊ आले होते. ती माझ्याकडेच राहते. आता ब्याऐंशी वर्षांची आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. तेव्हा तिने विचारलं होतं, "प्रोटॉन म्हणजे केवढा असतो गं?"

"दिसत नाही."

"दिसत नाही त्याच्यावरून भांडलात?"

"तो कोण उचलतं त्याच्यावरून भांडलो."

"मग तू उचलायचास," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

भांडण एका एन्झाइमचं होतं. ओल्या, कुजक्या लाकडावर एक बुरशी वाढते, तिच्यातलं. त्या बुरशीला मंद गोडसर वास असतो, आणि तो वास ज्या रेणूचा आहे तो रेणू तीन कडी एकमेकांत अडकवल्यासारखा दिसतो. आमच्यासारख्यांना तो बनवायचा तर वीसेक पायऱ्या, दहा प्रकारची द्रावणं आणि वर्षभराची डोकेदुखी. बुरशी तो एका दमात बनवते, तेही कुजक्या लाकडावर बसून. तिचा कच्चा माल म्हणजे पंधरा कार्बनची एक लुळी साखळी, आणि तिच्या टोकाला फॉस्फेटचं जड डोकं. साखळीला आम्ही शेपूट म्हणायचो.

एन्झाइमच्या पोटात एक खोल खिसा आहे. शेपूट त्यात शिरतं, मॅग्नेशियमचे तीन अणू डोक्याला घट्ट धरतात, वरून झाकण बंद होतं आणि पाण्याला आत यायला वाव राहत नाही. मग डोकं तुटतं. डोकं तुटलं की शेपूट बिथरतं, दिसेल त्याला चिकटायला बघतं. पण खिशाच्या भिंतींनी त्याला आधीच अशा काही घड्या घालून ठेवलेल्या असतात की ते फक्त स्वतःलाच चिकटू शकतं, आणि तेही एकाच रीतीने. खिशाचा आकार बदला, वेगळी कडी तयार होतील, वेगळा वास येईल. सगळी करामत आकाराची. म्हणून मी आयुष्यभर आकार बघत बसले. प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि येणाऱ्या ठिपक्यांवरून आतला नकाशा काढायचा, हे माझं काम.

शेवटी एक प्रोटॉन जास्तीचा उरतो. तो कुणीतरी काढून घेतला तरच काम पुरं होतं. मी म्हणत होते, खिशाच्या भिंतीवरचं टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल तो घेतं. माझा नवरा म्हणत होता, तुटलेलं डोकंच घेतं. ते काही बाहेर गेलेलं नसतं, झाकण बंद असतं, तीन मॅग्नेशियम त्याला धरून असतात. ते तिथेच असतं. सोडून गेलेलाच जवळ राहून शेवटचं काम करतो, यावर पुढे मजल्यावर काय काय विनोद झाले ते मी सांगत नाही. मला असल्या उपमांचा तिटकारा आहे. फॉस्फेटला कुणाची माया नसते.

नवऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. तो रेणू बनवणारा केमिस्ट, आणि त्याच्या तोंडी दिवसातून वीस वेळा तो शब्द. सावकाश ओत, सावकाश ढवळ, सावकाश उघड. दुसरे तीन महिन्यांत जे करायचे त्याला याला वर्ष लागायचं, पण त्याने बनवलेलं पुन्हा कधी तपासावं लागायचं नाही. मी नेमकी उलटी. आम्ही एकमेकांना कसे पसंत पडलो हे आईला आजही कोडं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी, पाच वर्षं हाती काहीच न लागल्यावर, मला त्या एन्झाइमचे बंद झाकणाचे स्फटिक मिळाले. आत खऱ्या साखळीच्या जागी बाजारात मिळणारा एक ढोबळ नकली रेणू होता. नकाशात मला शेपूट दिसलं, त्याचा शेवटचा कार्बन टायरोसिनच्या कुशीत. मी शोधनिबंध लिहिला, दुसरं नाव नवऱ्याचं. आणि निबंध छापून आल्यावर त्याने डोक्याचं टुमणं लावलं. जेवताना, चालताना, दिवा मालवल्यावर. मला वाटलं, याला माझं यश बघवत नाही. तसं मी त्याला तोंडावर म्हटलंही. तो शेजारच्या खोलीत झोपायला लागला, आणि दिवसा एक नवा नकली रेणू बनवायला लागला, हुबेहूब खऱ्यासारखा, फक्त डोकं आणि शेपूट यांच्या जोडावर ऑक्सिजनच्या जागी गंधक, म्हणजे एन्झाइमला तो तोडता येऊ नये. अकरा महिने लागले. तोवर आमचं बोलणं मीठ दे, दार लाव इतक्यावर आलं होतं. एके दिवशी त्याने कुपी शीतकपाटात ठेवली, मला चिठ्ठी लिहिली की "हा वापरून बघ", आणि तो थोरल्या भावाकडे निघून गेला. पाच तासांच्या अंतरावर. तिथे साबणाच्या कारखान्यात वास तपासायची नोकरी धरली. दोन वर्षांनी आम्ही कागदांवर सह्या केल्या.

कुपीला मी हात लावला नाही. रागाने लावला नाही, आणि पुढे राग गेला तेव्हा सवयीने लावला नाही. शीतकपाट तीन वेळा बदललं. तिन्ही वेळा ती कुपी मी स्वतःच्या हाताने नव्यात नेऊन ठेवली.

या वर्षी मी निवृत्त होणार. खोली रिकामी करायची म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि कुपी हातात आली. तळाशी मिठाच्या चिमटीएवढी पांढरी पूड. लेबलावर त्याचं बारीक, सरळ अक्षर. मी तिथेच स्टुलावर बसले. मला त्याची इतकी आठवण आली की छातीत दुखलं, आणि हे मी साध्या शब्दांत लिहिते आहे कारण तोवर इतक्या वर्षांत मी ते स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मग मी हात धुऊन कामाला लागले. नव्या थेंबांत स्फटिक धरेनात. शेवटी जुनाच उपाय केला: जुन्या स्फटिकाचा चुरा मांजराच्या मिशीच्या केसाला लावायचा आणि तो केस नव्या थेंबातून हलकेच ओढायचा. केसाच्या वाटेवर स्फटिक रांगेने उगवतात. सहा आठवड्यांत काम झालं. ठिपके आले, नकाशा आला, झाकण बंद होतं. पडद्यावर खिशात निळ्या जाळीचे पुंजके होते, जिथे अणू तिथे जाळी. डोकं लख्ख. शेपटाच्या जागी जाळी जरा विरळ होती, म्हणून मी माउसचं चाक फिरवून पातळी थोडी खाली आणली, म्हणजे अंधुक खुणाही जाळीत दिसायला लागतात. मग आणखी थोडी. जाळी भरत गेली, आणि मी त्यात शेपूट बसवलं. ते त्याने सांगितलं होतं तसंच बसलं. शेवटचा कार्बन डोक्यापासून तीन अँगस्ट्रॉमवर, म्हणजे प्रोटॉन उचलता येईल इतका जवळ, टायरोसिन पार दूर.

मी त्याच दुपारी फोन केला. नंबर आईकडे होता. दर वर्षी ती त्याच्या भावजयीला फोन करते, मला न सांगता, म्हणजे मला ऐकू येईल अशा आवाजात.

"मी बोलतेय," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"तू बरोबर होतास. डोकंच घेतं. दिसतंय."

मग तो म्हणाला, "येऊ का बघायला? गुरुवारी सुट्टी आहे."

"ये की," मी म्हटलं, जणू तो शेजारून यायचा होता.

मी काय समजत होते ते सांगते. मी समजत होते की तो येईल, मी पडद्याकडे बोट दाखवीन, तू बरोबर होतास हे पुन्हा एकदा तोंडावर म्हणेन आणि मधली वर्षं आपोआप सुटतील. साठीला आलेल्या बाईने असं समजावं का? नसेल समजायचं. पण समजत होते. आईने तर पडदे धुवायला काढले. "जावई येतायत," ती म्हणाली.

"जावई नाहीत ते आता."

"कागदावर नसतील. जेवायला थांबणार का, तेवढं विचार."

बुधवारी मला वाटलं, त्याला हातात द्यायला एक छापील चित्र करावं. आता आमच्या धंद्यात चित्र छापायचं तर एक नियम आहे. नकाशा निम्मा ठिपक्यांतून येतो आणि निम्मा आपण यंत्राला जे सांगतो त्यातून. आपण आत एक रेणू बसवला की यंत्र त्याचीच सावली थोडीफार परत दाखवतं. म्हणून ज्याच्याबद्दल शंका आहे तो रेणू काढून टाकायचा, उरलेलं सगळं थोडं हलवून नव्याने बसू द्यायचं, मग नकाशा काढायचा. रेणू खराच असेल तर त्याची जाळी आपण न सांगताही परत येते. हे मी फोन करण्याआधी करायला हवं होतं. इतरांना मी गेली तीस वर्षं यावरून झोडपत आले आहे.

मी रेणू काढला. यंत्राला वीस मिनिटं लागली. डोकं परत आलं, तीन मॅग्नेशियम परत आले, अगदी ठसठशीत. शेपूट आलं नाही. त्या जागी निळे चार-पाच तुकडे होते, ताटात उरलेल्या कणांसारखे. त्यातून कसलीही घडी निघाली असती. डोक्याकडे वळणारी निघाली असती, टायरोसिनकडे वळणारीही निघाली असती.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मी जुन्या फायली उघडल्या. मी एकोणीस वर्षांपूर्वीचे ठिपके शोधून काढले. तेव्हाच्या चित्रासाठी मी शेपूट काढलं होतं, पण बाकीचं हलवून बसवलं नव्हतं, घाई होती. तसं केलं की सावली राहून जाते. आता नीट केलं. पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा डोकं, पुन्हा तीन मॅग्नेशियम, आणि टायरोसिनच्या कुशीत काहीच नाही.

दोन्ही वेळा मला जे हवं होतं तेच दिसलं होतं. पहिल्या वेळी मला माझं नाव हवं होतं. या वेळी मला तो हवा होता.

फोन करून येऊ नकोस म्हणता आलं असतं. मी केला नाही. खरं कारण असं की तो आलेला मला हवा होता, मग हातात दाखवायला काही असो वा नसो. न सांगताही चाललं असतं, हेही मनात येऊन गेलं. त्याने काही यंत्र चालवून बघितलं नसतं. तो विचार मी चहा होईपर्यंत केला आणि सोडून दिला.

गुरुवारी अकराला तो आला. केस पांढरे, चष्मा जाड, अंगाला साबणाचा स्वच्छ वास. दारात उभा राहून खोली बघत होता. "खिडकीत झाड होतं," तो म्हणाला.

"मेलं. बस."

मी त्याला पडद्यासमोर बसवलं आणि आधी दुसराच नकाशा लावला, शेपटाशिवायचा. एका दमात सगळं सांगून टाकलं. पातळी खाली आणली ते, फोनची घाई केली ते, आणि मग जुना नकाशा लावून तेही. "म्हणजे तू बरोबर आहेस असं मला म्हणता येत नाही," मी म्हणाले. "आणि मी बरोबर होते असं तर कधीच म्हणता येत नव्हतं. मी त्याच्यावर निबंध छापला. तुला नाही नाही ते बोलले."

तो जुन्या नकाशाकडे बघत होता. त्याने तो गोल फिरवला, जवळ आणला, लांब नेला. त्याला धक्का बसलेला दिसला नाही, आणि मला ते खटकलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला. "तुझा नकाशा आला त्या दुपारी तू सगळ्यांना चहा पाजायला खाली गेलीस. तुझं यंत्र चालूच होतं. मी शेपूट काढलं आणि बाकीचं हलवून बघितलं. सहज. माझी पद्धत म्हणून."

"मग?"

"मग हेच. रिकामं. मी तुला सांगायला खाली यायला निघालो, आणि तू जिन्यातून वर येत होतीस. गात होतीस. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मी तुला गाताना कधी ऐकलं नव्हतं." त्याने चष्म्याची काच पुसली. "मी परत जाऊन तुझा नकाशा होता तसा लावून ठेवला."

"आणि निबंधावर सही केलीस?"

"केली. चुकलंच ते. नंतर वाटलं, दुसऱ्या बाजूने सांगू, रसायनाच्या बाजूने. टायरोसिन कसं जमत नाही ते. म्हणजे तुझं तूच परत बघशील. तू उलट माझ्यावरच उसळलीस. मग वाटलं, असा रेणू बनवू की एन्झाइमच तिला सांगेल, मला सांगायला नको."

"अकरा महिने!"

"हो."

"एक वाक्य बोलायचं सोडून अकरा महिने रेणू बनवत बसलास? अरे, माणूस आहेस का कोण आहेस तू?" माझा आवाज चढला होता. बाहेरून कुणीतरी जाता जाता थबकलं आणि चालायला लागलं. मजल्याला आणखी वीस वर्षांची सोय झाली.

तो ऐकून घेत राहिला. मी दमल्यावर त्याने विचारलं, "तेव्हा सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी खरं उत्तर शोधलं. "आरडाओरडा केला असता. आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते."

"आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी नकाशा नव्याने काढला असता. आणि तुला चहा करून दिला असता."

त्याने मान खाली घातली. चष्मा हातातच होता. "मी धरून चाललो की नवव्या दिवशीही बोलणार नाहीस," तो म्हणाला. "तपासलं नाही."

त्यानंतर आम्ही कामच केलं, कारण दोघांनाही दुसरं काही सुचेना. निबंध ज्यांनी छापला त्यांना पत्र लिहायचं होतं, आणि दोघांच्या सह्या लागणार होत्या. 'शेपटाची जागा या पुराव्यावरून ठरवता येत नाही' या एका वाक्याला त्याने पाऊण तास घेतला. 'ठरवता येत नाही' की 'ठरत नाही' यावर आम्ही भांडलो, आणि त्या भांडणात मी मनापासून सुखी होते. खाली माझी सही, शेजारी त्याची.

पाचची बस होती. मी त्याला थांब्यावर सोडायला गेले. चालताना त्याने आईची चौकशी केली, मी त्याच्या भावजयीच्या गुडघ्यांची केली. मी म्हटलं, पुढची बस सातला असते. तो म्हणाला, हो, असते. आई जेवायला वाट बघत होती, पडदे धुतले होते, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण मला वाटलं, तिकडे सगळे त्याची वाट बघत असतील, त्याला जायचं असेल, उगाच भीड कशाला घाला. बस आली. तो चढला, खिडकीशी बसला, आणि बस चौकातून वळून गेली.

मी तिथेच उभी राहिले. मग माझ्या लक्षात आलं की त्याला जायचं आहे असं तो कुठे म्हणाला होता? ते मीच बसवलं होतं. मी फोन काढला. घाईत दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं.

"काय गं?" तो म्हणाला.

"तुला थांबायचं होतं का?"

बसच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. कंडक्टर कुणाला तरी तिकीट विचारत होता.

"हो," तो म्हणाला.

"मग उतर," मी म्हणाले, आणि बस गेली होती त्या दिशेने चालायला लागले.